गादीवरचं इलेक्ट्रिक ब्लँकेट: ग्वाल्हेरच्या दगडी घरात एक अख्खा हिवाळा वापरल्यावर

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: जानेवारीत दुपारी गल्लीत ऊन असतं आणि घरात गारठा. दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती, वर पटियांचं (लांब दगडी फळ्यांचं) छत, पायाखाली फरशी. मे महिन्यात ज्या भिंतींचं पाहुण्यांपुढे कौतुक करतो, त्याच डिसेंबरपासून आपल्यावर उलटतात. दोन हजार वॅटचा हीटर तासभर लावला तरी गरम हवा थेट छताशी जाऊन बसते, खाली पाय गारच. आणि हीटर बंद केला की थोड्या वेळात पहिले पाढे पंचावन्न, कारण हवा तापली तरी दगड काही तापलेला नसतो.

म्हणून या वेळी खोली तापवायचा नाद सोडून अंथरूण तापवायचं ठरवलं. नोव्हेंबरात डबल बेडचं इलेक्ट्रिक ब्लँकेट मागवलं. दुकानात याला बेड वॉर्मर म्हणतात, आणि हे अंगावर घ्यायचं नसतं; गादीवर पसरायचं, वर चादर घालायची. ‘ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यापर्यंत थांबा, स्वस्त पडेल’ असा घरातून सल्ला होता. पण मेळा भरतो डिसेंबरच्या शेवटी, तोवर अर्धी थंडी अंगावर काढावी लागली असती.

आईंची (म्हणजे माझ्या सासूबाईंची) पहिली प्रतिक्रिया: “खालून शेक? मी काय बाळंतीण आहे?” त्यांच्या वेळी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत. ती आठवण गोड असली तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी आम्ही अजिबात ठेवत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आतच शुद्ध हरपते. आमच्या भागात दर थंडीत अशी एखादी बातमी वाचायला मिळतेच.

आता वापराबद्दल. आमचं ब्लँकेट दीडशे वॅटचं आहे, तीन पायऱ्यांचा कंट्रोल. झोपण्याआधी अर्धा तास सगळ्यात वरच्या पायरीवर लावायचं, वर रजई पसरून ठेवायची. कापसाची रजई स्वतः गरम नसते, आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. म्हणजे रोज रात्री पहिला काही वेळ आपण कुडकुडत रजईलाच तापवत असतो. नेमका तेवढा वेळ वाचतो. अंथरुणात शिरलं की बंद करायचं, पुढची रात्र रजई सांभाळते. सुरुवातीला यजमानांनी हट्टानं रात्रभर चालू ठेवून पाहिलं. पहाटे घाम, घसा कोरडा, आणि दिवसभर चिडचिड. ज्यांना चालू ठेवूनच झोपायचं आहे त्यांनी सगळ्यात खालची पायरी ठेवावी.

बिलाचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन हजार वॅटचा हीटर रोज तीन तास चालवला तर सहा युनिटं, महिन्याला १८०. मध्य प्रदेशात दीडशे युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात. दीडशेच्या वर गेलात की ती सवलत त्या महिन्यापुरती गेली. म्हणजे एकटा हीटरच ती मर्यादा ओलांडतो. ब्लँकेट रोज तासभर पूर्ण जोरात लावलं तरी महिन्याला साडेचार युनिटं. उन्हाळ्यात कूलर नि एसीमुळे आम्ही सवलतीच्या आसपासही नसतो, पण हिवाळ्याची बिलं या वेळी आत राहिली.

दुसरा फायदा वायरिंगचा. दोन हजार वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, आणि जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी सहा अँपिअरचेच सॉकेट. त्यात हीटर, वर एक्स्टेन्शन बोर्ड, की प्लग पिवळा पडायला लागतो. ब्लँकेट कुठल्याही साध्या सॉकेटवर चालतं.

तक्रारी आहेतच. कंट्रोलचा लाल दिवा इतका भगभगीत की त्यावर पट्टी चिकटवावी लागली. तार आखूड. आणि मोठी गोष्ट: आपोआप बंद होण्याची सोय आमच्या मॉडेलमध्ये नाही. सरकता स्विच असल्यामुळे वीज गेली नि परत आली की ते मुकाट्यानं पुन्हा चालू होतं, कुणाला पत्ता नाही. शेवटी टायमरचा प्लग वेगळा आणला. कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की माहितीपुस्तिका वाचा. टायमरवालं थोडं महाग मिळतं, तेच घ्या. नवराबायकोचं थंडीवरून पटत नसेल तर दोन्ही बाजूंना वेगळे कंट्रोल असलेलं घ्या, हे मी अनुभवानं सांगते.

हे सगळ्यांसाठी नाही. मधुमेहानं पायांची संवेदना कमी झाली असेल तर चटका कळतच नाही. तान्ह्या बाळाखाली तर मुळीच नको. ओलं झालेलं, दुमडलेलं, टाचण्या लागलेलं वापरू नये. वरून रबरी शेकाची पिशवीही घेऊ नये.

आणि दिवसाचं काय? तिथे ब्लँकेटची मदत शून्य. धुक्याचे ते दिवस, सूर्य दोन वाजता तोंड दाखवून चारला परत जाणारे, त्यांत गच्चीवर ऊन खायचीही सोय नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घर निदान १८ अंशांवर ठेवा असं सांगितलं. आमच्या मधल्या खोलीतला थर्मामीटर अशा सकाळी १२ दाखवतो. तिथे पैशाचा विचार बाजूला ठेवून आईंच्या खोलीत हीटर लागतो, सोळा अँपिअरच्या पॉइंटवर, दार लावून, पण खिडकीची फट ठेवून. त्यांच्या आंघोळीनंतर कपडे बदलायच्या वेळी तर नक्कीच. बाकी फरशीवर जाड सतरंजी, जुन्या दुपाखी दारावर जाड पडदा आणि तिबेटी बाजारातले लोकरीचे मोजे, एवढ्यानं बराच फरक पडला. त्यातही सतरंजीनं सर्वांत जास्त. गार दगड तळपायातून ऊब ओढून घेतो, आणि आम्ही इतकी वर्षं फक्त स्वेटरवर स्वेटर चढवत होतो.

मकरसंक्रांत उलटल्यावर महिनाभरानं ब्लँकेट काढलं. घडी घालायची नाही, आतली तार मोडते. सैल गुंडाळून कपाटात उभं ठेवलंय. वॉरंटी वर्षाचीच आहे. तार बिघडली तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून उसवून दुरुस्त करून घेण्याची ही वस्तू नव्हे, सरळ नवं घ्यायचं. त्या हिशेबानं, दोन हिवाळे टिकलं तरी आमचे पैसे वसूल.