मनगटावरच्या घडीत बीपी नॉर्मल होतं आणि मायचा हात गेला

मागच्या दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. आम्ही राळेगाव तालुक्यातले कास्तकार. सोयाबीन नुकतंच विकलं होतं, चुकारा हातात आला होता आणि कापसाची वेचणी लागायची होती. वर्षभरात खेड्यातल्या माणसाजवळ रोख पैसा असतो तो याच पंधरवड्यात. ते लोक हे हेरूनच आले होते, असं आता कळतं. गाडीला ‘मोफत आरोग्य तपासणी शिबिर’ असा बॅनर, पांढरे कोट घातलेली दोन पोरं, एक मुलगी, तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप. सभामंडपात टेबल मांडलं आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला.

बीपी सांगणारी हातातली घडी, म्हणजे स्मार्टवॉच, विकत घेताना आम्ही फसलो असं गावातले बरेच जण म्हणतात. माझ्या मते फसवणूक त्याच्या आधी, तपासणीतच झाली होती. वावरातून चालत आलेल्या माणसाला ते उभ्या उभ्याच सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळायचे. हात खाली लोंबकळत असायचा. कोणी नुकताच चहा घेतलेला, कोणाच्या तोंडात खर्रा, आणि मशीन चालू असताना ती मुलगी नाव, वय, घरी कोण कोण असतं हे विचारत राहायची. आकडे निघायचे १६२, १७०, १५८. माझा पुतण्या तेवीस वर्षांचा, कबड्डी खेळतो. त्याचंही १५४ निघालं. त्या दिवशी सभामंडपातून कोणीच निरोगी म्हणून बाहेर पडलं नाही.

आमच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी हे मला नंतर समजावून सांगितलं. बीपी मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला पाहिजे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन आलेलं असावं आणि मोजताना बोलू नये. यातली एकेक गोष्ट चुकली की आकडा वर सरकतो. आमच्याकडे तर सगळ्याच एकदम चुकवल्या होत्या, आणि त्या चुकून चुकल्या असं मला वाटत नाही.

माणसं घाबरली तसे खोके उघडले. काळी घडी, रंगीत काच. बीपी, शुगर, ऑक्सिजन, ईसीजी, सगळं चोवीस तास मनगटावर. खोक्यावर छापील किंमत १४,९९९ रुपये, शिबिरात फक्त ३,५००. “काकाजी, हा सायलेंट अटॅक असतो, सांगून येत नाही,” असं तो पोरगा एकेका म्हाताऱ्याला कानाजवळ वाकून सांगत होता. आमच्या गावात सत्तावीस घड्या गेल्या.

त्यातली एक मी घेतली, मायसाठी. ती त्रेसष्ट वर्षांची. सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू, अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम, प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळते. पण केंद्र अकरा किलोमीटरवर, एसटी वेळेवर नाही, जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो. मला वाटलं, घरबसल्या रोज बीपी कळेल. माय म्हणाली होती, “एवढ्या पैशात खताचे दोन पोते आले असते.” मी ऐकलं नाही. मोबाइलवर क्यूआर स्कॅन केला आणि पैसे टाकले.

घडी रोज सांगायची १२१/७९. कधी ११८/७७, कधी १२३/८०. सकाळी चहा झाला की माय बटण दाबायची आणि नातीकडून आकडा वाचून घ्यायची. थोड्याच दिवसांत तिला तो स्वतःच वाचता यायला लागला. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचणी लागली आणि नोव्हेंबरच्या शेवटी तिची गोळ्यांची पट्टी संपली. मी म्हटलं, आणून देतो. ती म्हणाली, “मले आता गोळी कायले पाह्यजे? घडीत पाह्य ना, एकशेवीस हाय.” मीही पाहिलं. एकशेवीसच होतं. मी गप्प बसलो.

गोळी सोडल्यावर बीपीच्या माणसाला बहुतेकदा लगेच काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी बरंच वाटतं, आठ दिवसांनीही बरंच वाटतं. आकडा आत चढत असतो आणि माणूस कापूस वेचत असतो. त्या शिबिरातल्या पोराचं एक वाक्य खरं होतं, हा आजार सांगून येत नाही. पण सांगायला म्हणून त्यानं जी वस्तू विकली, तिनं सगळं ठीक आहे असंच सांगितलं.

जानेवारीत, तिसऱ्या वेच्याच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास मी धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, येत होतो. माय पऱ्हाटीत वाकलेली होती. उजव्या हातानं बोंडातून कापूस काढत होती आणि डाव्या हातात देत होती. डाव्या हातातून तो खाली पडत होता. तिच्या पायाजवळ मातीत पांढरे पुंजके पडले होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. कमरेची ओटी रिकामी. मी हाक मारली तर तिनं मान वर केली. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं, आणि जे बोलली ते मला समजलं नाही.

तिला धुऱ्यावर सावलीत बसवलं. बायको धावत आली. पाणी पाजलं, ते ओठाच्या कडेनं गळालं. आणि त्यावेळी आम्ही जे केलं तेच मला इथं सांगायचं आहे. आम्ही घडीचं बटण दाबलं. खालचा हिरवा दिवा लागला, घडी थरथरली, आकडा आला: १२२/८०. ज्या हातातून कापूस पडत होता त्याच मनगटावर. “बीपी बरोबर हाय,” शेजारच्या वावरातले काकाजी म्हणाले, “रिकाम्या पोटी आली असन, पित्त झालं असन.” आम्हाला ते पटलं. गूळ दिला. अर्ध्या तासानं पुन्हा बटण दाबलं, ११९/७८. बैलबंडीतून घरी आणून निजवलं. पावणेबाराला गावातली आशा स्वयंसेविका, आमची आशाताई, घरावरून जात होती. तिनं मायला दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा वर आलाच नाही. तिनं तिथंच १०८ ला फोन लावला.

ग्रामीण रुग्णालयात दंडाला पट्टा लावला. २१४/११८.

तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत तीन वाजले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्ताची गाठ अडकलेली दिसली, म्हणजे लकवा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी ते उतरवावं लागतं. आम्हाला पाच तास होऊन गेले होते. धुऱ्यावर आणि घरी आम्ही घडी पाहत घालवलेले पावणेदोन तास त्या हिशेबात होते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मायच्या मनगटावरची घडी काढली आणि माझ्या हातात दिली.

माय आता चालते. बोलणं बरंचसं सुधारलं. डाव्या हाताची मूठ वळते, पण लुगड्याची गाठ मारता येत नाही.

मायला घरी आणल्यावर मी ती घडी घेऊन उपकेंद्रात गेलो. मॅडमनी ती स्वतःच्या हाताला बांधली, ११९/७७. आशाताईच्या हाताला, १२१/७९. मी बाहेर आवारात दहा-बारा चकरा धावून धापा टाकत आलो आणि बांधली, १२४/८१. लगेच दंडाच्या मशीनवर माझं १५० आलं. मग मॅडमनी टेबलावरची कापसाची गुंडाळी घेतली, त्यावर ओला रुमाल गुंडाळला आणि घडीचा पट्टा आवळला. हिरवा दिवा लागला. घडी थरथरली. ११८/७६. आम्ही तिघंही काही वेळ बोललो नाही. पुतण्यानं नंतर घडीच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये वय त्रेसष्टच्या जागी पंचवीस टाकून पाहिलं, तर आकडे तीन-चारनं खाली आले. त्या घडीला मायच्या रक्ताचं काही माहीतच नव्हतं.

मॅडमनी मशीन दाखवत सांगितलं ते असं. दंडाचा पट्टा हवेनं फुगतो आणि रक्तवाहिनी दाबून बंद करतो. हवा सोडताना रक्त पुन्हा वाहायला लागतं तो वरचा आकडा, आणि दाबाचा अडथळा पूर्ण सुटतो तो खालचा. त्या वेळी होणारे रक्ताचे आवाज कानानं ऐकून बीपी मोजण्याची रीत कोरोटकॉव्ह नावाच्या रशियन डॉक्टरनं १९०५ मध्ये सांगितली. डिजिटल मशीन आवाजाऐवजी पट्ट्यातली धडधड टिपते, पण दाबणं तेच. घडीत दाबायला काही नाही. हिरवा उजेड कातडीवर पडतो, रक्त कमीजास्त झालं की परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजता येतात. बीपीचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. काही स्वस्त घड्या तोही बांधत नाहीत, बरा दिसणारा आकडा दाखवून मोकळ्या होतात.

मोठ्या कंपन्या काय करतात तेही मी शोधून वाचलं. सॅमसंगच्या घडीला आधी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, आणि दर २८ दिवसांनी ते पुन्हा करावं लागतं. ओमरॉनची एक घडी आहे, तिच्या पट्ट्यातच फुगणारी पिशवी आहे, तिला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ॲपलची घडी तर आकडा दाखवतच नाही. महिनाभराच्या नोंदींवरून बीपी वाढल्याची शंका आली तर मशीनवर मोजून घ्या एवढंच कळवते. कितीतरी महाग घडी जे सांगायचं धाडस करत नाही ते साडेतीन हजाराची घडी दिवसातून वीसदा सांगते, हे मला आधी माहीत असतं तर! अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे आमच्या शिबिराच्या आधीच, मान्यता नसलेली अशी बीपीची उपकरणं वापरू नका असा इशारा दिला होता. घडीतून किंवा अंगठीतून सुई न टोचता शुगर दाखवणाऱ्यांबद्दल तर फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. आमच्या घडीत दोन्ही होतं.

आपल्याकडेही बीपीची यंत्रं २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतात. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक असायला पाहिजे. आमच्या खोक्यावर कोणाचंच नाव नव्हतं. आतल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, हे वैद्यकीय उपकरण नाही असं छापलेलं होतं. पुतण्यानं भिंगातून वाचून दाखवलं.

पैशाचं सांगायचं तर परत आले नाहीत. पावती म्हणून जो चिटोरा दिला त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. क्यूआर कुण्या एका माणसाच्या नावावर. आठ दिवसांतच बॅनरवरचा नंबर बंद झाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून घेतली, खोका, चिटोरा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण समोरच्याचा पत्ताच नसेल तर नोटीस कुठं पाठवायची, इथं आमचं अडलं. ऑनलाइन पैसे गेल्यावर १९३० वर लगेच फोन केला तर रक्कम थांबवण्याची थोडी शक्यता असते. मी केला तेव्हा तीन महिने उलटले होते. म्हणून सांगतो, कोणी गावात येऊन अशी वस्तू विकत असेल तर पैसे देण्याआधी पक्कं बिल मागा, गाडीच्या नंबरचा फोटो काढा, आणि हे शिबिर आरोग्य केंद्राला माहीत आहे का ते आशाताईला विचारा. विचारायला दोन मिनिटं लागतात. आमच्या आशाताईला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि बीपी मोजून हवं असेल तर उपकेंद्रात फुकट मोजतात. घरीच हवं असेल तर दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन दुकानातून बिल घेऊन आणा. पट्टा दंडाच्या मापाचा पाहिजे, लहान पडला तर आकडा जास्त दाखवतो. आमच्याकडे आता तसं आहे. रोज सकाळी माय पाच मिनिटं भिंतीला पाठ टेकून बसते, हाताखाली उशी घेते, मी दोनदा मोजतो आणि वहीत लिहितो. कमी असो की जास्त, गोळीचं डॉक्टरच ठरवतात.

फेब्रुवारीत आशाताई आणि मी घड्या घेतलेल्या सत्तावीस घरी फिरलो. मायसारखी गोळी सोडलेली आणखी चार माणसं निघाली. तिघांनी ती पुन्हा सुरू केली. चौथे एक काकाजी आहेत, पंच्याहत्तरीचे. त्यांचं मशीनवर १८८ आलं. त्यांनी घडीकडं पाहिलं आणि म्हणाले, “तुमची मशीन खराब असन.” आशाताई दर गुरुवारी त्यांच्याकडं मशीन घेऊन जाते. मागच्या गुरुवारी मी मायला सोबत नेलं. माय त्यांच्यासमोर बसली, लुगड्याची गाठ सोडली आणि डाव्या हातानं ती मारायला लागली. काकाजी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी दंड पुढं केला.