ड्रॅग इंजिनासाठी कॅमशाफ्ट: आठ महिने आणि दोन कॅमनंतरचा अनुभव

माझ्या ड्रॅग रेसच्या (सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या) गाडीत पहिला कॅम, म्हणजे उंचवट्यांनी (लोबनी) इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवला तेव्हा गाडी चालू केली की आवाज ऐकून लोक बॉनेटपाशी जमायचे. आयडलिंग १,२०० आरपीएमच्या खाली टिकायचं नाही, इंजिन हेलकावे खात धडधडायचं. दुसऱ्या कॅमने तो आवाज बराच सौम्य झाला आणि पाव मैलाची वेळ ११.१६ सेकंदांवरून १०.९३ वर आली. हेड, कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर, टायर, सगळं तेच होतं. कॅमबरोबर फक्त त्याला जुळणाऱ्या स्प्रिंग आणि पुशरॉड बदलले. शेवटचा वेग मात्र ताशी १९८ किलोमीटरवरून १९७ झाला, म्हणजे जवळपास जागच्या जागी. सगळा फायदा सुरुवातीच्या साठ फुटांत मिळाला.

इंजिन शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक. ३५० चा ब्लॉक ०.०३० इंच बोअर करून आत ३.७५ इंच स्ट्रोकची क्रँक, म्हणजे ३८३ घन इंच, साधारण ६.३ लिटर. ॲल्युमिनियम हेड, कॉम्प्रेशन ११.५, तीन गिअरची ऑटोमॅटिक, ४,२०० आरपीएमच्या आसपास स्टॉल होणारा (गाडी रोखून धरली तर इंजिनला तेवढ्यापर्यंतच चढू देणारा) कन्व्हर्टर, मागे ४.१० चं डिफरन्शियल. चालकासकट वजन १,४५० किलो. दोन्ही कॅम सॉलिड रोलर, म्हणजे लोबवर फिरणारा रोलर असलेल्या ठाम टॅपेटचे (टॅपेट म्हणजे लोब आणि पुशरॉडमधला भाग).

पहिला कॅम ०.०५० इंच लिफ्टवर इनटेकला २६६ आणि एक्झॉस्टला २७२ डिग्रीचा होता, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) १०६. निवडताना माझी नजर ड्युरेशनवर (व्हॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो) आणि कमाल पॉवरच्या आकड्यावर होती. बघायला हवा होता तो आकडा वेगळाच: इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक उघडाच असतो. आरपीएम जास्त असेल तर आत येणाऱ्या हवेला इतका जोर असतो की पिस्टन वर येत असतानाही सिलिंडर भरत राहतो. आरपीएम कमी असेल तर तोच पिस्टन भरलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. त्या कॅमवर इनटेक तळानंतर ५५ डिग्रीला बंद व्हायचा. आताच्या २४८/२५४, लोब सेपरेशन १०८ च्या कॅमवर ४८ ला होतो. दोन्ही कॅम ४ डिग्री ॲडव्हान्स (क्रँकच्या तुलनेत पुढे) बसवलेले आहेत. ओव्हरलॅपही (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) त्याच ०.०५० वर मोजला तर ५७ वरून ३५ वर आला.

सात डिग्री म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण माझा कन्व्हर्टर ४,२०० ला धरतो आणि पहिला कॅम तेव्हा नुकता कुठे जागा व्हायचा. गिअरचं गणितही तेच सांगतं. पहिल्याचा रेशो २.५२, दुसऱ्याचा १.५२. सात हजारांवर गिअर बदलला की हिशेबाने इंजिन ४,२०० वर उतरतं. कन्व्हर्टरच्या स्लिपमुळे प्रत्यक्षात त्याहून वर राहतं, तरी पहिल्या कॅमला हवं तिथे ते राहत नव्हतं. तो कॅम वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला साडेपाच हजारांचा कन्व्हर्टर, मोठ्या पोर्टचे हेड आणि जास्त कॉम्प्रेशन लागलं असतं. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

नवा कॅम मागवण्याआधी एक चाचणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. सॉलिड कॅममध्ये टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या आणि रॉकरच्या मधली मोकळी जागा) वाढवला की व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, थोडा लवकर बंद होतो आणि लिफ्टही जरा कमी होते. म्हणजे कॅम किंचित लहान असल्यासारखा वागतो. गॅप कमी केला की याच्या उलट. मी सोळाही व्हॉल्व्हचा गॅप ०.००४ इंचाने वाढवला आणि लागोपाठ तीन रन घेतले. साठ फुटांची वेळ १.६४ वरून १.६१ वर आली. गाडी स्वतःच सांगत होती की तिला लहान कॅम हवाय. नव्या कॅमवर आता १.५३ पडतात. हा वाढवलेला गॅप चाचणीपुरताच ठेवायचा, कारण जास्त गॅपने लोब आणि रोलरवर ठोके बसतात.

आता बसवण्याबद्दल. टायमिंग चेनचे डॉट जुळवले की काम झालं, असं समजू नका. डिग्री व्हील (क्रँकला लावायची डिग्रीच्या खुणांची चकती) आणि डायल गेज लावून मोजल्यावर माझी इनटेक सेंटरलाइन (पिस्टन वरच्या टोकाला गेल्यानंतर किती डिग्रीला इनटेक लोबचा मध्य येतो) १०७ आली, कॅमबरोबरच्या कार्डवर १०४ होती. चेन सेटच्या गिअरवरचा चावीची खाच तीन डिग्री सरकलेली होती. क्रँकच्या गिअरला वेगवेगळ्या खाचा असलेला सेट आणून ती १०४ वर आणली. मोजलं नसतं तर इनटेक परत ५१ ला बंद होत राहिला असता आणि मी दोष कॅमला दिला असता.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर क्ले लावून तपासलं. इनटेकला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच ठेवतात. इनटेक सगळ्यात जवळ येतो तो पिस्टन वरच्या टोकावरून दहाएक डिग्री खाली उतरताना, आणि कॅम ॲडव्हान्स केला की आणखी जवळ येतो. म्हणून सेंटरलाइन पक्की झाल्यावरच हे माप घ्या. ३८३ मध्ये आणखी एक जागा आहे जी विसरली जाते. स्ट्रोक वाढल्यामुळे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कॅमच्या लोबला लागू शकतात. मी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून प्रत्येक रॉडपाशी वायर गेज घालून पाहिला. एका ठिकाणी अंतर इतकं कमी होतं की रॉडचा खांदा घासून घ्यावा लागला.

वापरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वही. गरम इंजिनवर माझा गॅप ०.०१८ असतो. ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचे, त्यामुळे तापल्यावर हेड जास्त फुगतं आणि गॅप वाढतो. थंड इंजिनवर मी ०.०१२ ठेवतो. दर वेळी सेटिंगच्या आधी जे सापडतं ते सोळाही आकडे लिहून ठेवतो. सहाव्या महिन्यात तिसऱ्या सिलिंडरचा इनटेक थंड असताना ०.०१८ निघाला. परत ०.०१२ वर आणला, पुढच्या वेळी तोच पुन्हा ०.०१७. बाकीचे पंधरा हललेले नव्हते. मॅनिफोल्ड उघडून टॅपेट बाहेर काढला. रोलर बोटांत धरून हलवला तर आतल्या सुया (बेअरिंगच्या बारीक दांड्या) स्पष्ट खडखडत होत्या. लोबवर अजून ओरखडा नव्हता. सगळे टॅपेट एकदम बदलले. अजून दोन-चार रन मारले असते तर सुया सुटून त्यांचा चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत गेला असता आणि आख्खं इंजिन उघडावं लागलं असतं.

याचं एक कारण आयडलिंग असावं असं माझं मत आहे. रोलरला बरंचसं तेल क्रँकच्या फेकीतून मिळतं, स्प्रिंगचा दाब मात्र कमी आरपीएमलाही तेवढाच असतो. रांगेत उभं राहून मी गाडी बराच वेळ चालू ठेवायचो. आता बंद करतो. स्प्रिंग बसलेल्या स्थितीत २२० पाउंडाच्या होत्या, पाच महिन्यांनी सगळ्यात ढिली १९८ निघाली, तेव्हा पूर्ण सेट बदलला. तेलाचं म्हणाल तर रेसिंगचं, जास्त झिंकवालं, एवढंच. डिस्ट्रिब्युटरचं गिअर तुमच्या कॅमच्या धातूला चालणारंच घ्या. माझं ब्राँझचं आहे आणि ते झिजतं, म्हणून प्रत्येक सर्व्हिसला काढून बघतो.

गाडी रोज रस्त्यावरही चालवणार असाल तर सॉलिड रोलर घेऊ नका, हायड्रॉलिक रोलर (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारा) घ्या. आणि कॅम बनवणाऱ्याशी बोलताना आधी वजन, कन्व्हर्टरचा खरा स्टॉल, गिअर रेशो, टायरची उंची, कॉम्प्रेशन आणि हेडचे फ्लोचे आकडे द्या. ड्युरेशन त्यालाच सांगू द्या. मी दुसऱ्या वेळी तसंच केलं, आणि त्याने इनटेक बंद होण्याची जागा आधी ठरवून बाकीचा कॅम तिच्याभोवती बेतला.