छोट्या पालींसाठी पॅल्युडेरियम: पाणी किती ठेवायचं आणि कुठे?

पॅल्युडेरियम म्हणजे एकाच काचेच्या पेटीत खाली पाणी, वर ओली जमीन आणि झाडं. आखणीला बसलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी धबधबा येतो. पालीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. ती पानांवरचे थेंब चाटते, बहुतेक वेळ पेटीच्या वरच्या भागात काढते आणि खालच्या पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाणी हवं असतं ते आपल्या डोळ्यांना, आणि थोडंफार हवेतल्या ओलाव्यासाठी. म्हणून पाणी ठरवताना तीनच गोष्टी पाहाव्यात: पडलेलं पिल्लू बाहेर येईल का, पंपापर्यंत हात जाईल का आणि हवा खेळेल का.

उदाहरणादाखल मोर्निंग गेको ही छोटी पाल घेऊ. नावातला ‘मोर्निंग’ शोकाचा, सकाळचा नव्हे. पाल निशाचर आहे. शेपटीसकट ८ ते १० सेंमी, जवळपास सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात. पेटी ४५×४५×६० सेंमी, दार पुढून उघडणारं. जुनी फिशटँक स्वस्तात मिळते, पण तिला खालून हवा शिरायला वाट नसते आणि वरचं झाकण उचललं की पिल्लं काठावरून पसार होतात. अशा पेटीत पाणी ठेवायचे तीन प्रकार पाहू.

पुरलेलं भांडं

दीड-दोन लिटरचं सिरॅमिकचं भांडं जमिनीच्या पातळीला बसवायचं. भोवती तळाला ५–६ सेंमी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, वर नायलॉनची जाळी, त्यावर ८ सेंमी माती. पंप नाही, वायर नाही. दोन-तीन दिवसांनी भांडं उचला, धुवा, परत ठेवा. काठावर मॉस आणि आत कॉर्कच्या सालीचा तिरका तुकडा ठेवला की कुंडीत वाटी ठेवल्यासारखं दिसत नाही. मासे-झिंगे मात्र विसरा. पहिलीच पेटी असेल तर आमचा कौल याला.

काचेचा बांध

पुढच्या १५ सेंमी पट्ट्यात पाणी, मागे जमीन. मध्ये ५ मिमी काचेची १२ सेंमी उंच पट्टी सिलिकॉनने बसवायची. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलंच घ्या आणि पाणी भरण्याआधी आठवडाभर वाळू द्या.

बांध पाणबंद करण्याचा हट्ट इथे बऱ्याच जणांना नडतो. फवारणीचं पाणी मागे साठतं, निघायला वाट नसते आणि महिन्या-दोन महिन्यांत माती आंबते. त्यापेक्षा पट्टीच्या तळाशी दोन भोकं ठेवून त्यात स्पंज बसवा, म्हणजे दोन्हीकडे पातळी एकच राहते. समोर पाणी ८ सेंमी असेल तर मागे गोळ्यांचा थर १० सेंमी हवा. मधले २ सेंमी कोरडे राहिले तरच माती वाचते. समोर साधारण साडेपाच लिटर पाणी मावतं, गोळ्यांच्या फटींत आणखी तीन-चार.

तरी माती चिखल होत असेल तर बांधावरून लोंबणारं मॉस पाहा. त्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत असेल तर ते दिव्याच्या वातीसारखं रात्रंदिवस पाणी वर ओढतं. मॉस कापून मध्ये दोन बोटं काच उघडी ठेवा.

पंप तासाला २००–३०० लिटरचा पुरे, तोंडाला स्पंज लावूनच. असा पंप ४–५ सेंमी उंच असतो. पातळी ३ सेंमी घटली की तो हवा ओढू लागतो, आवाज करतो आणि कोरडा चालून जळतो. काचेवर मार्करने रेघ मारा आणि ती उघडी पडली की लगेच भर घाला. पंप दगडाखाली कायमचा चिणू नका. हात जाईल एवढी मोकळी खोबण ठेवा.

पूर्ण तळ पाणी

४५×४५ च्या तळात १२ सेंमी पाणी म्हणजे २४ लिटर, आणि तेवढेच किलो. दिसायला हाच प्रकार सगळ्यांत देखणा. चेरी झिंगेही नीट राहतात. पण जमीन तरंगती होते आणि घोटाळा तिथेच असतो. ३०×२०×१० सेंमीचा फोमचा ठोकळा पूर्ण बुडाला की जवळजवळ ६ किलोच्या जोराने वर ढकलतो. नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर राहिलात तर एक दिवस बागेसकट वर येतो. त्यावर दगडाचा भार द्या किंवा जमीन पीव्हीसी पाइपच्या पायांवर उभारा. दाराखालची स्थिर काच आधी मोजा: पाणी हवेच्या जाळीखाली किमान ३ सेंमी राहायला हवं. काच १५ सेंमीपेक्षा बुटकी असेल तर हा प्रकार त्या पेटीत बसतच नाही.

पिल्लांना सर्वांत जास्त धोकाही इथेच. पालीची पकड ओल्या काचेवर सुटते, त्यामुळे उभी काच म्हणजे विहीरच. चारही बाजूंना खडबडीत साल पाण्यात तिरकी उतरलेली हवी. खेकडे आणि फायटर मासा नकोतच. पाण्यात पडलेलं पिल्लू त्यांना आयता घास.

तिन्हींत सारखं

पिल्लू शेपटीसकट चारेक सेंमीचं असतं आणि दोन मिलिमीटरच्या फटीतूनही निसटतं. दारांमधली फट पारदर्शक सीलपट्टीने आणि वायरचं भोक स्पंजने बंद करा. अंडी काचेला घट्ट चिकटवलेली असतात. खरवडली की फुटतात. बिजागरीजवळ असतील तर दार जपून उघडा. सुरुवात दोन-तीन पालींनी करा, संख्या त्या स्वतःच वाढवतात.

पालींच्या खाण्यासाठी फळांच्या पावडरीचा लगदा बाटलीच्या बुचात घालून वर, जमिनीच्या बाजूला ठेवा. पाण्यावर ठेवलात तर दोन दिवसांत वास सुटतो. खाद्य म्हणून सोडलेल्या फळमाश्याही उघड्या पाण्यात बुडून मरतात, म्हणून त्या वरच्या फांदीवर केळ्याच्या तुकड्यापाशी सोडा.

तापमान २४–२८ अंश, ओलावा ६०–८० टक्के. लंडन-म्युनिकच्या हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी पडते. तिथे जास्त पाणी कामी येतं. मुंबईच्या पावसाळ्यात उलट, हवेची जाळी झाकू नका. पुण्या-नागपुरात खरी अडचण मे महिन्याची: खोलीच ३५ च्या वर गेली तर पेटीतलं पाणी वाचवत नाही, एसी लागतो.

आणि कायदा. मोर्निंग गेको अंदमान-निकोबारातही आढळते, त्यामुळे भारतात पाळण्याआधी वन विभागाकडून लेखी खात्री करून घ्या. निळी टांझानियन ड्वार्फ गेको २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहे. अशा परदेशी जातींची भारतात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सह्याद्रीतली पाल उचलून आणण्याचा तर विषयच नको.

पेटी तयार झाली की खाली वर्तमानपत्र पसरा, पाणी भरा आणि ४८ तास तशीच ठेवा. कागद ओला झाला नाही तरच झाडं लावा; पाली त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी.