63 ची डीपी, 60 चं मशीन आणि माझे 2,68,000 रुपये

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे ज्याला पुढं वाचायचं नाही त्यानं इथंच थांबावं. दोन लाख अडुसष्ट हजार रुपये. तुमच्या जागेत इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकून देतो म्हणून पाच हप्त्यांत घेतले. स्टेशन सोडा, माझ्या जागेत एक खुंटीसुद्धा ठोकली नाही.

मोबाईल टॉवरच्या नावानं लोकांना कसं लुटलं ते मला पुरतं माहीत होतं. आमच्या भावकीतल्या एकाचे त्यात गेले, तेव्हा मी दुकानात बसून हसलो होतो. आता तो हसत असेल. हसू द्या, त्याचा हक्कच आहे.

माझं धुळे-सोलापूर महामार्गाला लागून, चौसाळ्याजवळ कृषी सेवा केंद्र आहे. शेजारी वडिलोपार्जित बारा गुंठे रिकामे पडलेत. मी स्वतः तीन वर्षं इलेक्ट्रिक स्कूटर चालवतो, रात्री घरी ओसरीतल्या प्लगला लावतो, सकाळी भरलेली असते. म्हणजे या विषयात मी अगदीच अडाणी नव्हतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरात सध्या रोज उलटं ऐकावं लागतंय.

खूळ डोक्यात शिरलं ते 2025 च्या चैत्रात. संभाजीनगरचं एक कुटुंब तुळजापूरला निघालं होतं. गाडी इलेक्ट्रिक, बॅटरी नऊ टक्के. वाटेतलं एक स्टेशन ॲपवर चालू दिसत होतं, प्रत्यक्षात मशीन बंद. दुकानात येऊन म्हणाले, "काका, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का?" आहे म्हटलं. लावला तर त्यांच्या चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग! उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन वाळून खडंग होते, अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. चार तास बसले बिचारे. मीटरवर तेरा युनिट पडले. तेवढ्यात त्यांची धाराशिवपर्यंतची सोय झाली. पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला. पण गाडी गेल्यावर मी त्या बारा गुंठ्यांकडं बघत उभा राहिलो, ते राहिलोच.

जून लागता लागता मोबाईलवर जाहिरात दिसली. महामार्गालगत जागा आहे का, चार्जिंग स्टेशन उघडा, महिन्याला ऐंशी हजार. आपण मनात काय घोळवतो ते या मोबाईलला कसं कळतं देव जाणे. (कळतं कसलं, मीच आठवडाभर तेच शोधत होतो.) फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी एका मॅडमचा फोन. मराठी अगदी आपलं, इकडचंच वाटावं असं. "सर, तुमची जागा रोड-टच आहे ना? मग तुमचं काम झालंच समजा."

पत्र आलं ते पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या योजनेच्या नावानं. त्यात लिहिलं होतं की योजना 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू, एकूण 10,900 कोटी, त्यातले 2,000 कोटी चार्जिंग स्टेशनसाठी. मी शहाण्यासारखं तपासलं. सगळं बरोबर निघालं. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला स्टेशन हवं, हेही लिहिलं होतं. तेही केंद्राच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत सापडलं. बघा, खोट्या पत्रातले आकडे खरे असतात. मी योजना खरी आहे का ते तपासलं. पत्र पाठवणारा खरा आहे का ते तपासायचं राहिलं.

आता हप्ते. नोंदणी 5,900. जागेची पाहणी 17,700. परवाना शुल्क 64,900. मशीनची अनामत, परत मिळणारी म्हणे, 1,50,000. वाहतूक विमा 29,500. बेरीज करून बघा, मी रोज करतो.

पाहणीला खरंच एक पोरगा आला होता. टेप धरून मोजमाप घेतलं, फोटो काढले, फक्कीनं जमिनीवर चौकोन आखले. इथं मशीन, इथं दोन गाड्या उभ्या राहणार, इथं पत्र्याचं शेड. माणूस समोर येऊन उभा राहतो तेव्हा शंका कशी येणार, तुम्हीच सांगा. नंतर कळलं, तो लग्नाचे फोटो काढणारा. त्याला पाचशे रुपये देतो म्हणून फोनवरच ठरवलं होतं, अन् तेही दिले नाहीत. त्याला शोधून भांडायला गेलो तर तोच माझ्यापुढं रडायला लागला.

परवाना शुल्क भरलं, त्याच आठवड्यात लाईनमन दुकानात आला होता. आमच्या भागात डीपी, म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की देवाच्या आधी त्याला फोन जातो, असा माणूस. मी मोठ्या ऐटीत पत्र दाखवलं. त्यानं दोन ओळी वाचल्या अन् म्हणाला, "अण्णा, चार्जिंगला परवाना कुठं लागतो? कनेक्शन लागतं. अन् तुमची डीपी 63 ची, हे मशीन 60 चं. मग लोकांच्या मोटारी कशावर चालवायच्या, माझ्या डोक्यावर?"

एवढं सोपं होतं. एका वाक्यात सगळं उघडं पडलं होतं. ज्या 63 केव्हीएच्या डीपीवर निम्म्या शिवाराच्या मोटारी ओढतात, तिच्यावर एकट्या मशीनचा 60 किलोवॅटचा भार कसा बसणार, हे मला कळायला हवं होतं. रब्बीत व्होल्टेज पडलं की सगळ्यात आधी मीच ओरडतो. अन् परवान्याचं तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल 2018 मध्येच सांगून टाकलंय: गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीज विकणं नव्हे, विद्युत कायदा 2003 खाली त्याला परवाना लागत नाही. जो परवाना अस्तित्वातच नाही, त्याचे मी 64,900 भरले.

मी काय केलं? त्याला म्हणालो, "तुला तारा जोडायला सांगितलंय, कायदा शिकवू नको." तो काही न बोलता चहा पिऊन गेला. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

अन् त्याहून मोठा मूर्खपणा पुढं आहे. लाईनमन जे बोलला ते मी तसंच्या तसं मॅडमला फोनवर सांगितलं, की आमची डीपी 63 ची आहे. ती क्षणभर थांबली अन् म्हणाली, "सर, ट्रान्सफॉर्मर आपण स्वतंत्र देणार आहोत, काळजी नको." मला वाटलं, काय तयारी आहे या लोकांची! अनामत आणि विमा भरून झाल्यावर तोच ट्रान्सफॉर्मर माझ्याकडं परत आला, 1,18,000 चं मागणीपत्र होऊन. म्हणजे पुढच्या हप्त्याचं कारणसुद्धा मीच त्यांना पुरवलं. तिथं थांबलो. अक्कल आली म्हणून नव्हे, खात्यात तेवढे नव्हते म्हणून.

थांबल्यावर पहिल्यांदा बिलं नीट बघितली. पत्ता पुण्याचा, वर जीएसटी नंबर 09 नं सुरू होणारा. 09 म्हणजे उत्तर प्रदेश. महाराष्ट्राचा 27. मी दुकानदार आहे, वर्षानुवर्षं 27 नं सुरू होणारा नंबर खतांच्या बिलावर लिहितोय, झोपेतसुद्धा लिहीन. पाचपैकी चार बिलांवर 09 होता, पाचव्या पावतीवर नंबरच नव्हता, अन् मी त्या सगळ्यांना फाइलला टाचण्या मारून ठेवल्या. पैसे गेले होते ते तर कुणा ट्रेडर्सच्या खात्यात. चार्जिंग कंपनीचं खातं ट्रेडर्सच्या नावानं कशाला असेल? जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव अर्ध्या मिनिटात दिसतं. टाका. पाच हजार भरायच्या आधी टाका, नंतर टाकून मी काय केलं, नुसतं नाव वाचलं.

लाजेनं अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. ही माझी चूक, मान्य. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन गेला तर पैसे वाटेत अडकवता येतात. अकरा दिवसांनी उरतो तो गाळ. माझे 41,312 कुठल्याशा खात्यात अडवलेत म्हणे. म्हणे, कारण कागद अजून हातात नाही.

पण तुम्हाला वाटेल, तक्रार केल्यावर तरी कुणी विचारलं असेल. पहिल्या ठाण्यात सांगितलं, पैसे बीडच्या शाखेतून पाठवलेत ना, मग तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, दुकान ज्या हद्दीत तिथं. चार चकरा झाल्या. मग कळलं की जुलै 2024 पासून जो नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झालाय त्याच्या कलम 173 मध्ये हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची सोय आहे. ते मी एका हवालदारसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढा कायदा येतो तर फसलात कसे?" आजूबाजूचे चारपाच जण हसले. दुसरा म्हणाला, टॉवरवाले गेले, चार्जरवाले आले, पुढच्या वर्षी काय येतंय बघू. मी काकुळतीला आलेला माणूस, अन् यांचा विनोद चाललाय. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर "साहेब जेवायला गेलेत". साहेब साडेचारला जेवून आले.

बँकेचं तर बोलूच नका. दोन मोठे हप्ते मी शाखेत स्लिप भरून एनईएफटीनं पाठवले होते. ज्या साहेबांनी ती स्लिप हातात घेतली, तेच मला म्हणाले, "तुम्ही स्वतः पाठवलेत, बँकेचा संबंध नाही." बरोबर आहे. पण एका कृषी सेवा केंद्रवाल्यानं दीड लाख कुण्या परराज्यातल्या ट्रेडर्सला पाठवताना एका शब्दानं विचारायला काय बिघडलं असतं? पीककर्जासाठी गेलो की सात-बारापासून आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळं विचारतात. बँकेला लेखी तक्रार द्या अन् तारीख टाकून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. हे मला शाखेतल्या कुणीही सांगितलं नाही, पुण्याच्या पोरानं सांगितलं. अडवलेले 41,312 सुटायचे तर कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकील पंधरा हजार मागतोय.

सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते सांगायला नको. सोयाबीन गेलं, लोकांकडची उधारी तिथंच अडकली, अन् रब्बीचं खत-बियाणं भरायला माझ्याकडं नेमके दोन लाख अडुसष्ट हजार कमी. ही कधी नव्हे ती गप्प बसलीय, दाजी मात्र प्रत्येक फोनला "झालं का चार्जिंग?" विचारतात. ते फक्कीचे चौकोनही त्या पावसात धुऊन गेले.

खरंच स्टेशन टाकायचं असेल त्यानं आधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन आपल्या डीपीवर किती भार शिल्लक आहे ते विचारावं. जो माणूस हा प्रश्न न विचारता पैसे मागतो, तो मशीन आणणार नाहीये. साठ किलोवॅटचं मशीन कित्येक लाखांचं असतं, ते कुणी दीड लाखाच्या अनामतीवर तुमच्या दारात ठेवत नाही. आणि गावातला लाईनमन काही बोलला तर ऐका. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या अण्णा, अर्थिंगमध्ये पाणी टाकत जा."

परवा नवीन नंबरवरून फोन आला. या वेळी पुरुष, हिंदीमिश्रित मराठी. तुमची रक्कम मंजूर झालीय, पूर्ण दोन लाख अडुसष्ट हजार, फक्त फाइल चार्ज भरा. आकडा त्याला पाठ होता. किती म्हटलं. 4,720, जीएसटी धरून. मी म्हटलं, आधी बिल पाठवा. दोन मिनिटांत पाठवलं.

नंबर 09 नंच सुरू होता.