नवाहो वंशावळीचा शोध: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जावई दिने आहेत, म्हणजे अमेरिकेतली ती मूळनिवासी जमात, जिला बाहेरचे नवाहो म्हणतात. मुलगी-जावई तिकडे न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला असतात. नातू झाल्यापासून मीही वर्षातले बरेच महिने तिथेच असते. त्याची दोन्हीकडची वंशावळ लिहून काढायची टूम माझीच. माझ्या माहेरची नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत एका बैठकीत सापडली होती, सात पिढ्या. इथे तर सगळं स्कॅन होऊन नेटवर आहे म्हटल्यावर वाटलं, आठवडाभराचं काम. आठ महिने झाले.

आधी फुकटातलं सांगते, कारण खरा माल तिथेच आहे. १८८४ च्या कायद्याने प्रत्येक 'इंडियन एजंटा'ला, म्हणजे मूळनिवासी जमातींवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, आपल्या हद्दीतल्या जमातीच्या माणसांची यादी दरवर्षी पाठवणं भाग होतं. १८८५ ते १९४० या काळातल्या त्या याद्यांची ६९२ मायक्रोफिल्म रिळं आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की ती बघता येतात. मात्र 'दरवर्षी'वर विसंबू नका. इतक्या विखुरलेल्या वस्त्यांवर फिरणार कोण? आमच्या उपयोगी पडली ती पॅकेट नावाच्या अधीक्षकाने केलेली १९१५ ची यादी, आणि मग थेट १९३० नंतरच्या. शिवाय तेव्हा शिपरॉक, फोर्ट डिफायन्स, क्राउनपॉइंट, ट्यूबा सिटी अशा एजन्सी, म्हणजे एजंटांच्या कचेऱ्या, वेगवेगळ्या होत्या. एजन्सी चुकली की माणूस गायब.

पण माझे पहिले तीन महिने खाल्ले ते नावांनी. मी मुकाट्याने सर्चमध्ये 'बेगे' टाकत बसले आणि हजारोंनी बेगे आले. नंतर जावयांनी हसत सांगितलं, अहो आई, ते आडनाव नव्हतंच, 'त्याचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ. 'याझी' म्हणजे छोटा, 'त्सो' म्हणजे मोठा, 'नेझ' म्हणजे उंच, आणि 'होस्टीन' म्हणजे आपलं 'बुवा'. 'होस्टीन नेझ बेगे' म्हणजे उंच बुवांचा मुलगा! कारकुनाने कानावर पडलं ते लिहून घेतलं आणि पुढच्या पिढीला तेच आडनाव चिकटलं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात ती त्यामुळेच.

एका संकेतस्थळाची सहा महिन्यांची वर्गणीही भरली. पैसे पाण्यात. यादीत 'अस्दझान' लिहिलेलं, म्हणजे नुसतं 'बाई', ते त्यांच्या इंडेक्सने व्यक्तीचं नाव धरलं आणि भलत्याच कुटुंबातली बाई आमच्या झाडाला लटकवून दिली. रोज सकाळी नवा 'नातेवाईक' सापडल्याची मेल यायची. मी वर्गणी बंद केली.

गाडी रुळावर आली ती विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात, चिनलीजवळ. प्रिंट काढून नेल्या होत्या. जुन्या दिने घरांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं टाळतात, हे मला मुलीने आधी बजावलं होतं, म्हणून मी काही विचारलंच नाही, कागद फक्त पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बोट खाली-खाली नेलं आणि एका ओळीवर थांबून म्हणाल्या, "ही माझ्या आईची आई." नाव घेतलं नाही. हीच मुलगी एका यादीत एका बाईची लेक होती, दोन वर्षांनंतरच्या यादीत दुसरीची. मी ती चूक समजून खोडली होती. विहीणबाई म्हणाल्या, चूक कसली, दुसरी तिच्या आईची बहीण. मावशीला त्यांच्यात 'धाकटी आई'च म्हणतात.

तेव्हापासून उलटं सुरू केलं: आधी बायका, त्यांचं कुळ, मग गाव, आणि नाव सगळ्यात शेवटी. कुळ आईकडून येतं, पण सरकारी यादीत कुटुंबप्रमुख म्हणून बहुतेकदा नवरा. १९५० च्या अमेरिकन जनगणनेत जमातींच्या राखीव प्रदेशांसाठी वेगळा फॉर्म होता, त्यात कुळाचाही रकाना आहे. ती पानं एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली, फुकट आहेत, जरूर बघा. एजन्सींचे आणि बोर्डिंग शाळांचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डेन्व्हर आणि रिव्हरसाइड शाखांत विभागलेत. तिकडे अजून गेले नाही.

जमातीचा सदस्य म्हणून नोंदणीसाठी हे सगळं करत असाल तर एवढा खटाटोप नको. किमान पाव नवाहो रक्त दाखवावं लागतं, मूळ आधार १९४० ची यादी, आणि ते काम नवाहो नेशनच्या, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या सरकारच्या, जन्म-ओळख नोंदणी कार्यालयात होतं.

दिने माणूस ओळख देताना चार कुळं सांगतो: आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं, वडिलांच्या वडिलांचं. नातवाची दुसरी जागा विहीणबाईंच्या कुळाची, तोदिचीइनी, कडू पाण्याची माणसं. चौथी व्याह्यांची. पहिली आणि तिसरी आमची. विहीणबाईंनी वही उघडून विचारलं, पहिल्या जागी काय लिहू? मी गोत्र सांगितलं. "हे तुमच्या आईकडून आलं?" नाही, सासरचं. "मग तुमच्या आईच्या आईचं काय?"

त्या नाशिकच्या वहीतल्या सातही पिढ्या पुरुषांच्या आहेत. आजीचं माहेरचं आडनाव विचारायला काल मावशीला पुण्याला फोन लावला. तिलाही आठवत नाही. कुणाला तरी विचारून सांगते म्हणाली.