चौदा महिने, जुन्या इंजिनाची एक्स५

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये २०२१ची बीएमडब्ल्यू एक्स५ ३०डी घेतली. एमएच-१२ पासिंग, फर्स्ट ओनर. माझ्या हातून एकवीस हजार किलोमीटर झालेत, बहुतेक कोल्हापूर-पुणे. गाडी दारात आली त्याच दिवशी मेव्हण्याने विचारलं, "फेसलिफ्ट सोडून ही कशाला?"

विचारणं रास्त होतं. जुलै २०२३मध्ये आपल्याकडे फेसलिफ्ट, म्हणजे याच मॉडेलची सुधारलेली आवृत्ती, आली तेव्हा हेच तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल २६५वरून २८६ हॉर्सपॉवरवर गेलं, टॉर्क (ओढायची ताकद) ६२०चा ६५० न्यूटन मीटर झाला, जोडीला ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर, आली. मी कागदावर हे सगळं वाचलं होतं, म्हणूनच भावात घासाघीस करता आली.

पुण्यातल्या मित्राकडे नवी आहे. दिवाळीत दोन्ही गाड्या घेऊन निघालो, शिरवळनंतर अदलाबदल केली आणि खंबाटकी चढलो. माझ्या गाडीत पाच माणसं, डिकी फराळाच्या डब्यांनी गच्च. ट्रकमागून बाहेर काढून पाय दाबला की दोन्ही सारख्याच सुटतात. २१ हॉर्सपॉवर कुठे गेले ते मला तरी सापडलं नाही. फरक कळला तो साताऱ्यात शिरल्यावर, सिग्नलला. नवीचं इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू झालं तरी हाताला कळत नाही, इतकं ते मऊ. हायब्रिडचा खरा उपयोग हाच. मायलेज मला हायवेला चौदाच्या आसपास मिळतं. उलट माझ्या गाडीत एसीची बटणं आहेत. नवीत तो कारभार स्क्रीनवर गेलाय, आणि घाटात मी एसीचं तापमान बदलायला स्क्रीन चाचपत होतो!

आता रिसेल. विकायची नव्हती, पण अंदाज घ्यायला एका एजंटला दाखवली. त्याने बॉनेट उघडलंच नाही. दार उघडून डॅशबोर्ड पाहिला आणि म्हणाला, "साहेब, जुना फेस आहे. स्क्रीन वेगळी येते आता." भाव पाडला तो स्क्रीनवर आणि हेडलाइटवर. इंजिनाचा विषय मीच काढला, तेव्हा त्याने मान हलवली आणि टायर बघायला लागला.

पेट्रोलवाल्यांनी मात्र माझ्यावर विसंबू नये. पेट्रोलची ४०आय ३४०वरून ३८१ हॉर्सपॉवर आणि ४५०वरून ५२० न्यूटन मीटरवर गेली. ती उडी पायाला कळणारच, आणि जुनी घेताना त्या हिशेबाने भाव पाडून मागायला हवा.

खरा दणका दुसरीकडूनच बसला. २२ सप्टेंबर २०२५ला मोठ्या एसयूव्हीवरचा २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाले. म्हणजे कोटीच्या नव्या गाडीमागे साडेसहा लाखांहून जास्त उतरले, आणि नवी उतरली की जुनी तिच्या मागोमाग. त्याच एजंटला मी ऑक्टोबरमध्ये पुन्हा फोन केला. या वेळी फेसलिफ्टचं नावही नाही, "नवीचे रेट बघितले का?" एवढंच.

दिल्ली पासिंगच्या एक्स५ स्वस्त दिसतात, त्याचाही इंजिनाशी संबंध नाही. तिथे २०२५पर्यंत डिझेल दहा वर्षांनी रस्त्यावरून काढायचा नियम होता. इकडे आणायची तर एनओसी आणि आपला रोड टॅक्स धरून बेरीज करा. वीस लाखांवरच्या डिझेलला तो १५ टक्क्यांच्या दराने लागतो.

मी अजून चार वर्षं तरी वापरणार आहे. तूर्त खर्च चार टायरचा.