सरीतल्या पाण्याचा हिशोब: एक्सेल पुरेल की विन-एसआरएफआर घ्यावं?

सरी-वरंब्याच्या पाण्याचा हिशोब संगणकावर मांडायचा, तर ठाणे-नवी मुंबईकडच्या आमच्या कामात दोनच पर्याय फिरून फिरून समोर येतात. एक म्हणजे स्वतः बांधलेलं एक्सेल: आलेलं पाणी, मुरलेलं पाणी आणि सरीत उभं असलेलं पाणी यांचा ताळेबंद. दुसरं, अमेरिकेच्या कृषी खात्याचं फुकट मिळणारं विन-एसआरएफआर: सरीत पाणी कसं पुढे सरकतं आणि मुरतं ते गणिताने मांडणारं सॉफ्टवेअर. युटा स्टेट विद्यापीठाचं सिरमॉडही आहे, पण ते मी जेमतेम हाताळलंय, तेव्हा त्यावर बोलत नाही.

एक्सेलला कमी लेखू नका. एलियट-वॉकरची १९८२ची दोन बिंदूंची पद्धत बसवली, की सोडलेल्या पाण्याचा दर, सरीतल्या पाण्याचा छेद आणि पाणी अर्ध्या सरीला व टेलला (सरीच्या शेवटच्या टोकाला) कधी पोहोचलं, यावरून कोस्त्याकोव्हच्या, म्हणजे पाणी मुरण्याच्या, समीकरणातले के आणि ए हे गुणांक निघतात. मुरण्याचा स्थिर दर तेवढा वेगळा मोजायचा. प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर असते, आणि बेलापूरहून परतताना लोकलमध्ये फोनवरही उघडता येतं. विन-एसआरएफआरला विंडोज लागतं.

माझं अडलं ते टेलला. शहापूर-मुरबाडकडे भातानंतर भेंडी लावतात, तिथे मी पाहिलेल्या बहुतेक सऱ्यांचं टोक मातीने बंद केलेलं. पाणी टेलला टेकेपर्यंत एक्सेलचा हिशोब चोख. पुढे ते बंद टोकाशी तुंबतं, मागे चढतं, आणि हेडला (पाणी सोडतो त्या टोकाला) सरी कोरडी पडली तरी टेलला मुरतच राहतं. हे बसवायला मी दर वेळी नवा गुणांक चिकटवायचो. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र एवढाच असतो: पाणी तोडू कधी?

विन-एसआरएफआरमध्ये शून्य-जडत्वाचा पर्याय आहे. त्यात प्रवेगाची पदं गाळली जातात, पण पाण्याच्या खोलीतला फरक धरला जातो, म्हणून तुंबाऱ्याचा परिणाम मागे सरकताना दिसतो. (त्यातलाच गतिज-लहरीचा पर्याय खोलीतला हा फरकही गाळतो, म्हणून तो बंद टोकाला चालत नाही, हे ध्यानात ठेवा.) पाणी तोडल्यावर सरीतलं उभं पाणी आणखी किती पुढे जाईल, हेही कळतं. मुरबाडच्या एका रानात तोडायची वेळ यावरून ठरवली, तर टेलचा चिखल कमी वाटला. मोजला नाही, दारं धरणाऱ्या काकांचंही तेच म्हणणं पडलं.

अर्थात हेही एकच सरी सोडवतं आणि बाकीच्या तशाच धरतं. नांगरटीनंतरचं पहिलं पाणी जमीन जास्त पिते, तेव्हा हंगामभर एकच के चालवला तर दोन्हीकडची उत्तरं सारखीच फसतील.

उताराची, मोकळ्या टोकाची सरी असेल आणि पाणी टेलला कधी पोहोचेल एवढंच हवं असेल, तर एक्सेल सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. बंद टोकाच्या रानासाठी मी ते हल्ली फक्त मोजमापं टिपायला उघडतो.